वेब-अर्ज आणि क्लायंट-साइड फ्रेमवर्कची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १९९३ ते २०२४)

गोषवारा :

संकेतस्थळावरील अर्ज हे आज नागरिक आणि संस्था यांच्यातील व्यवहाराचे प्रमुख साधन झाले आहे. महाविद्यालयीन प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, कर आणि बँक अशा सर्व क्षेत्रांत कागदी अर्जाची जागा वेब-अर्जाने घेतली. हा अर्ज ब्राउझरमध्ये चालता-बोलता करण्यासाठी कोणते फ्रेमवर्क निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा तीन दशकांचा इतिहास मांडला आहे. रकान्यात भरलेल्या मूल्याचा ताबा कोणाकडे असावा, या एका मुद्द्याभोवती हा इतिहास फिरतो आणि निवडीची किंमत बहुधा निवड करणाऱ्यापेक्षा अर्ज भरणाऱ्यालाच मोजावी लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : वेब-अर्ज, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, एक्सफॉर्म्स, फ्रेमवर्क, सुगम्यता, देवनागरी.

१. प्रस्तावना :

अर्ज ही लेखनव्यवहारातील एक जुनी आणि शिस्तीची रचना आहे. मोकळ्या पत्रात लिहिणारा आपल्या क्रमाने आपले म्हणणे मांडतो; अर्जात मात्र विचारणारा क्रम ठरवतो आणि उत्तर देणाऱ्याने दिलेल्या रकान्यातच मावावे लागते. कागदी अर्जात ही सक्ती काहीशी सैल होती. रकाना अपुरा पडला तर समासात लिहिता येई, प्रश्न लागू नसेल तर रेघ मारता येई आणि खिडकीपलीकडचा कारकून ती रेघ समजून घेई. वेब-अर्जात समास नाही. संगणकाच्या तपासणीत न बसणारे उत्तर पुढेच जात नाही. त्यामुळे ही तपासणी कोणी, कोठे आणि कशी लिहावी, या प्रश्नाला सामाजिक महत्त्व प्राप्त होते.

अर्जाची तपासणी दोन ठिकाणी होऊ शकते : संस्थेच्या सर्व्हरवर किंवा अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये. ब्राउझरमधील काम सुकर करण्यासाठी लिहिलेल्या तयार चौकटींना क्लायंट-साइड फ्रेमवर्क म्हणतात. रकाने दाखवणे, लपवणे, त्यांची मूल्ये सांभाळणे, चुका दाखवणे आणि एका रकान्याच्या उत्तरावरून दुसरा बदलणे ही कामे ती करतात. इ.स. २००५ नंतर अशा फ्रेमवर्कची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांतून निवड करणे ही प्रत्येक प्रकल्पातील पहिली पायरी ठरली.

२. संशोधनाची उद्दिष्टे :

१) वेब-अर्जाच्या तंत्रज्ञानातील प्रमुख टप्प्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) प्रमाणके तयार करणाऱ्या संस्था आणि फ्रेमवर्क निर्माण करणारे विकासक यांच्यातील परस्परसंबंध तपासणे.
३) फ्रेमवर्कच्या निवडीचा अर्जदारावर, विशेषतः देवनागरीत लिहिणाऱ्या अर्जदारावर, होणारा परिणाम स्पष्ट करणे.
४) इतिहासाच्या आधारे निवडीचे काही निकष मांडणे.

३. गृहीतक आणि संशोधन पद्धती :

'अर्जासाठी फ्रेमवर्क निवडण्याचा प्रश्न मुख्यतः गतीचा किंवा सोयीचा नसून जबाबदारीच्या विभागणीचा आहे', हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक आणि वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वेबची प्रकाशित प्रमाणके, सॉफ्टवेअर आवृत्त्यांच्या सार्वजनिक नोंदी आणि शासकीय दस्तऐवज ही या अभ्यासाची साधने होत.

४. विषय विवेचन :

४.१ सर्व्हरचे युग (१९९३ ते १९९५)

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वेब हे प्रामुख्याने वाचण्याचे माध्यम होते. १९९३ मध्ये डेव्ह रॅगेट यांच्या एचटीएमएल प्लस या मसुद्यात भरता येणाऱ्या रकान्यांची तरतूद आली आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एनसीएसए या केंद्राच्या मोझेक ब्राउझरने असे रकाने प्रत्यक्षात दाखवण्यास सुरुवात केली. भरलेली माहिती सर्व्हरवरील प्रोग्रामपर्यंत पोहोचवणारी कॉमन गेटवे इंटरफेस ही व्यवस्थाही त्याच केंद्रात त्याच सुमारास आकारास आली. नोव्हेंबर १९९५ मधील एचटीएमएल २.० च्या प्रमाणकाने अर्जाला अधिकृत स्थान दिले.

या पहिल्या रचनेत ब्राउझरची भूमिका टपालवाल्याची होती. अर्जदार रकाने भरी, बटण दाबी आणि सर्व मजकूर सर्व्हरकडे जाई. चूक असल्यास संपूर्ण पान पुन्हा तयार होऊन परत येई. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेल्या त्या काळात एका विसरलेल्या रकान्यासाठी हा फेरा खर्चिक होता. तरीही या रचनेत जबाबदारी स्पष्ट होती. मूल्याचा अंतिम ताबा सर्व्हरकडे होता आणि नियम एकाच ठिकाणी लिहिलेले होते.

४.२ जावास्क्रिप्टचा उदय (१९९५ ते २००१)

नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. ४ डिसेंबर १९९५ रोजी नेटस्केप आणि सन मायक्रोसिस्टिम्स यांनी तिची घोषणा जावास्क्रिप्ट या नावाने केली. अर्ज पाठवण्यापूर्वी ब्राउझरमध्येच तपासणे हा तिच्या सुरुवातीच्या ठळक उपयोगांपैकी एक होता. रिकामा रकाना किंवा अक्षर शिरलेला दूरध्वनी क्रमांक आता जागेवरच लक्षात आणून देता येऊ लागला.

यातून एक कायमचा पेच निर्माण झाला. ब्राउझरमधील तपासणी अर्जदाराच्या संगणकावर चालते. ती बंद करता येते किंवा टाळता येते. म्हणून सर्व्हरवरील तपासणी रद्द करता आली नाही. एकच नियम दोन ठिकाणी, अनेकदा दोन भाषांत आणि दोन वेगळ्या माणसांनी लिहिण्याची वेळ आली. हे दोन नियम एकमेकांशी न जुळल्यास अर्जदार मध्ये अडकतो : ब्राउझर उत्तर स्वीकारतो आणि सर्व्हर ते नाकारतो. पुढील काळातील बहुतेक साधनांनी या पेचावर आपापला तोडगा काढण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आणलेल्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये तपासणीचा नियम एकदा मांडला की तो दोन्ही बाजूंना चालवला जाई.

दुसरी अडचण ब्राउझरमधील स्पर्धेची होती. ऑगस्ट १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने जेस्क्रिप्ट ही स्वतःची आवृत्ती आणली. जून १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्ट या नावाने भाषेचे प्रमाणीकरण झाले. परंतु पानातील रकान्यांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग दोन्ही ब्राउझरांत वेगळेच राहिले. त्यामुळे एकाच अर्जासाठी दोन प्रकारचे लेखन करावे लागे. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० ने रकान्याला त्याचे नाव जोडणारे लेबल आणि संबंधित रकान्यांचा गट करण्याची सोय दिली. ही भर वरवर किरकोळ भासते. पण पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिबाधित अर्जदाराला आपण कोणता रकाना भरत आहोत हे कळण्याचा तो मुख्य आधार ठरला.

४.३ एक्सफॉर्म्स : उत्तम आराखड्याचे अपयश (२००३ ते २००९)

वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १४ ऑक्टोबर २००३ रोजी एक्सफॉर्म्स १.० हे प्रमाणक प्रसिद्ध केले. अर्जाचा आशय, त्याचे नियम आणि त्याचे दृश्य रूप यांची त्यात स्वच्छ फारकत होती. कोणता रकाना आवश्यक आहे, कोणता केव्हा लागू होतो, कोणते मूल्य इतर मूल्यांवरून मोजायचे, हे सर्व प्रोग्राम न लिहिता घोषित करता येत असे. अर्जशास्त्राच्या दृष्टीने हा आराखडा आपल्या काळाच्या पुढे होता.

असे असूनही तो रुजला नाही. एक्सफॉर्म्स एक्सएमएलच्या काटेकोर जगासाठी रचलेले होते, तर प्रत्यक्षातील वेब-पाने शिथिल एचटीएमएलमध्ये लिहिलेली होती. प्रमुख ब्राउझरांनी त्याला अंगभूत आधार दिला नाही. मोझिलासाठी ते वेगळे जोडावे लागे. ऑगस्ट २००१ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ६ नंतर पुढची आवृत्ती ऑक्टोबर २००६ पर्यंत आलीच नाही, आणि त्या काळातील बहुसंख्य वाचक याच ब्राउझरवर होते. २००९ मध्ये एक्सफॉर्म्स १.१ प्रसिद्ध झाले, तोवर विकासकांचे लक्ष इतरत्र वळले होते.

याच प्रश्नावर प्रमाणीकरणाच्या क्षेत्रात फूट पडली. जून २००४ मध्ये सॅन होजे येथील कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेरा यांनी जुन्या एचटीएमएलचाच, विशेषतः त्यातील अर्जाचा, विस्तार करावा असा प्रस्ताव मांडला. तो ८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला गेला. काही दिवसांतच ब्राउझर-निर्मात्यांशी संबंधित मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट स्थापन केला. इयन हिक्सन यांच्या संपादनाखालील वेब फॉर्म्स २.० हा त्यांचा आरंभीचा मसुदा पुढे एचटीएमएल ५ मध्ये विलीन झाला. वेबच्या प्रमाणीकरणातील ही मोठी फूट मुख्यतः अर्जाच्या प्रश्नावरून पडली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. हा दुरावा २८ मे २०१९ च्या सामंजस्य करारानेच औपचारिकपणे मिटला.

४.४ एजॅक्स आणि जेक्वेरी (२००५ ते २०१०)

पान न बदलता सर्व्हरशी संवाद साधण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये मार्च १९९९ मध्येच आली होती. २००४ मध्ये जीमेलने आणि २००५ च्या आरंभी गूगल मॅप्सने तिचा प्रभावी वापर केला. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' असे नाव दिले. जिल्हा निवडताच तालुक्यांची यादी बदलणारा अर्ज किंवा निवडलेले वापरकर्ता-नाव उपलब्ध आहे की नाही हे तत्काळ सांगणारा रकाना या काळात सर्वत्र दिसू लागला.

सॅम स्टीफनसन यांचे प्रोटोटाइप (२००५), डोजो, याहूचे वायूआय (२००६) आणि मूटूल्स ही ग्रंथालये याच काळातील. त्यांत सर्वाधिक प्रसार झाला तो जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीचा. जानेवारी २००६ मध्ये तिची ओळख झाली, ऑगस्ट २००६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि सप्टेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट व नोकिया यांनी तिचा स्वीकार जाहीर केला. ब्राउझरांमधील भेद झाकणे हे तिचे मुख्य कार्य. तिच्यावर आधारलेल्या तपासणीच्या आणि दिनदर्शिकेच्या जोडण्यांनी असंख्य संस्थांचे अर्ज उभे राहिले.

जेक्वेरीच्या पद्धतीत रकान्यातील मूल्य ब्राउझरच्या पानातच राही. लागेल तेव्हा ते वाचायचे आणि हवे तेथे लिहायचे. दहा रकान्यांच्या अर्जाला ही पद्धत पुरेशी होती. परंतु रकाने ऐंशीवर गेले, एका उत्तरावर दुसऱ्याचे अस्तित्व अवलंबू लागले, म्हणजे कोणत्या घटनेमुळे काय बदलते हे शोधणे अवघड होई. अर्जाचे सत्य कोठे साठवलेले आहे, याचे एकच उत्तर मिळत नसे.

४.५ बंध जोडणारी फ्रेमवर्क (२०१० ते २०१३)

या गुंतागुंतीवर उपाय म्हणून जुलै २०१० मध्ये स्टीव्ह सँडरसन यांचे नॉकआउट आणि ऑक्टोबर २०१० मध्ये जेरेमी अॅश्केनस यांचे बॅकबोन आले. नॉकआउटने रकाना आणि स्मृतीतील मूल्य यांच्यात स्वयंचलित बंध जोडला. एक बदलले की दुसरे आपोआप बदले.

हीच कल्पना गूगलमधील मिश्को हेवेरी यांच्या अँग्युलरजेएसने सर्वदूर नेली. गूगल फीडबॅक या साधनाचे सुमारे १७,००० ओळींचे लेखन त्यांनी आपल्या पद्धतीने तीन आठवड्यांत सुमारे १,५०० ओळींत बसवले, असे या प्रकल्पाच्या इतिहासात नमूद आहे. जून २०१२ मध्ये अँग्युलरजेएसची १.० ही आवृत्ती आली. रकान्याला अद्याप हात लागला आहे की नाही, त्यातील मूल्य वैध आहे की नाही, या अवस्थांची नोंद हे फ्रेमवर्क स्वतःच ठेवी. एक्सफॉर्म्सने जे प्रमाणकाच्या मार्गाने साधू पाहिले, त्याचा मोठा भाग फ्रेमवर्कने ब्राउझरची संमती न मागता साधला. फरक इतकाच की, प्रमाणकाची जबाबदारी अनेक संस्थांची सामाईक असते, तर फ्रेमवर्कची एका कंपनीची किंवा एका गटाची.

या फरकाचा प्रत्यय लवकरच आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिस येथील परिषदेत अँग्युलरच्या दुसऱ्या आवृत्तीची रूपरेषा मांडली गेली, तेव्हा ती पहिलीशी सुसंगत नसल्याचे स्पष्ट झाले. नवी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि जुन्या अँग्युलरजेएसचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपले. २०१२ मध्ये त्यावर अर्ज उभारणाऱ्या संस्थेला दशकाच्या आत तो नव्याने लिहिणे किंवा पाठबळ नसलेल्या साधनावर चालवत राहणे, असे दोनच मार्ग उरले.

४.६ रिअॅक्ट आणि मूल्याच्या ताब्याचा प्रश्न (२०१३ ते २०२४)

फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांनी तयार केलेले रिअॅक्ट मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची भूमिका अँग्युलरजेएसच्या उलट होती. माहितीचा प्रवाह एकाच दिशेने असावा आणि पडद्यावर दिसते ते स्मृतीतील अवस्थेचे केवळ प्रतिबिंब असावे. अर्जाच्या बाबतीत यातून 'नियंत्रित रकाना' ही संकल्पना आली. अर्जदाराने दाबलेली प्रत्येक कळ आधी फ्रेमवर्ककडे जाते, तेथे अवस्था बदलते आणि मग ते अक्षर रकान्यात उमटते.

त्यानंतरचा दहा वर्षांचा प्रवास बोलका आहे. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स हे मध्यवर्ती भांडार आणले. त्याच वर्षी आलेल्या रिडक्स-फॉर्मने अर्जाची संपूर्ण अवस्था त्या भांडारात नेली. प्रत्येक कळीसाठी सबंध भांडाराला वळसा घालणे मोठ्या अर्जात जड जाऊ लागले. २०१७ मध्ये जॅरेड पामर यांच्या फॉर्मिकने अर्जाची अवस्था पुन्हा अर्जापुरती सीमित केली. २०१९ मधील रिअॅक्ट हुक फॉर्मने त्याहून पुढे जाऊन मूल्य शक्यतो ब्राउझरच्या रकान्यातच राहू दिले. २०२१ मध्ये खुल्या झालेल्या रीमिक्सने तर ब्राउझरच्या मूळ अर्जपाठवणीलाच केंद्रस्थान दिले आणि डिसेंबर २०२४ मधील रिअॅक्ट १९ नेही अर्ज पाठवण्याच्या क्रियेची दखल घेणारी सोय आणली. सर्व्हरकडून ब्राउझरकडे, ब्राउझरकडून फ्रेमवर्ककडे, तेथून मध्यवर्ती भांडाराकडे आणि पुन्हा ब्राउझरकडे असा हा मूल्याच्या ताब्याचा प्रवास आहे.

इतर फ्रेमवर्कही याच प्रश्नाशी झुंजत होती. इव्हान यू यांच्या व्ह्यूने (२०१४) रकान्यापुरता दुहेरी बंध सोपा ठेवला. नव्या अँग्युलरने साध्या अर्जासाठी साच्यावर आधारित आणि गुंतागुंतीच्या अर्जासाठी रिअॅक्टिव्ह, अशा दोन स्वतंत्र पद्धती दिल्या. रिच हॅरिस यांच्या स्वेल्टने (२०१६) बरेचसे काम ब्राउझरऐवजी संकलनाच्या वेळीच उरकले. नॉकआउटमधील निरीक्षणक्षम मूल्याची कल्पना २०२३ मध्ये अँग्युलर १६ मध्ये 'सिग्नल' या नावाने परतली. २०२० मधील एचटीएमएक्सने सर्व्हरने पाठवलेल्या एचटीएमएललाच पुन्हा प्राधान्य दिले.

या काळात परावलंबित्वाचे धोकेही समोर आले. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएम भांडारातून काढले गेले आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी काही तास थांबली. जुलै २०१७ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने रिअॅक्टच्या परवान्यातील पेटंटविषयक कलमामुळे तो परवाना आपल्या प्रकल्पांत निषिद्ध ठरवला. सप्टेंबर २०१७ मध्ये फेसबुकने रिअॅक्ट एमआयटी परवान्याखाली आणले, तेव्हा तो वाद मिटला. तात्पर्य, फ्रेमवर्क निवडताना संस्था त्यामागील परवाना, पॅकेजांची साखळी आणि एका कंपनीचे धोरणही नकळत स्वीकारत असते.

४.७ ब्राउझरची मंद पण टिकाऊ वाटचाल

फ्रेमवर्कांची ही लगबग चालू असताना प्रमाणकेही पुढे सरकत होती. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये ईमेल, दिनांक, संख्या असे रकान्यांचे प्रकार आणि आवश्यकता, नमुना, कमाल लांबी या तपासण्या अंगभूत झाल्या. मात्र प्रमाणक प्रसिद्ध होणे आणि ते सर्वत्र चालणे यांत बरेच अंतर होते. सफारीने अवैध अर्ज अडवण्यास मार्च २०१७ मध्ये सुरुवात केली. दिनांकाचा रकाना फायरफॉक्समध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये, तर मॅक संगणकावरील सफारीत २०२१ मध्ये आला. एवढ्या काळात संस्थांना तयार दिनदर्शिकांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून फ्रेमवर्कचा प्रसार हा केवळ फॅशनचा परिणाम मानणे अन्यायाचे ठरेल. परंतु १९९५ च्या एचटीएमएल २.० नुसार लिहिलेला अर्ज आजच्या ब्राउझरमध्येही उघडतो आणि भरता येतो, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही.

४.८ अर्जदाराची बाजू : सुगम्यता आणि देवनागरी

स्टीव्हन चॅम्पियन यांनी २००३ मध्ये प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंटचे तत्त्व मांडले. आधी सर्वांना चालेल असा साधा अर्ज करावा आणि त्यावर सोयी चढवाव्यात, असा त्याचा आशय. ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने २०१३ मध्ये केलेल्या मोजणीत १.१ टक्के भेटकर्त्यांना जावास्क्रिप्टच्या सोयी मिळत नसल्याचे आढळले. त्यांपैकी ज्यांनी ती बंद केली होती किंवा ज्यांचा ब्राउझर ती चालवू शकत नव्हता असे केवळ ०.२ टक्के होते, उरलेल्या ०.९ टक्क्यांना ती मिळायला हवी होती, पण मिळाली नाही. तुटलेली जोडणी, अडवणारे जाळे, अर्धवट उतरलेली फाइल अशी अनेक कारणे यामागे संभवतात. लाखो अर्जांच्या योजनेत एक टक्का म्हणजे हजारो माणसे होत.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली; त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यतेला कायद्याचा आधार दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक-ओळखीच्या डिजिटल प्रक्रियेसंबंधी निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडली. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टिबाधित व्यक्तींना पडद्यावरील सूचनेप्रमाणे पापण्या मिटून आपले अस्तित्व सिद्ध करणे शक्य नव्हते. अर्जाची रचना नागरिकाला कशी बाहेर ठेवू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठी अर्जदारासाठी आणखी एक पैलू महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तथापि अनेक तपासण्या रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिल्या गेल्या. युनिकोडच्या वर्गीकरणात व्यंजन हे 'अक्षर' असते, तर मात्रा हे 'चिन्ह' असते. म्हणून 'केवळ अक्षरे स्वीकारा' असा नियम युनिकोडच्या आधारे लिहिला, तरी 'मीरा' हे साधे नाव त्यात अडकते, कारण त्यातील दीर्घ वेलांटी आणि काना हे अक्षरवर्गात मोडत नाहीत. लांबीच्या मोजणीतही असाच घोळ होतो. 'क्षितिज' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट मात्र त्यात सात घटक मोजते. पन्नास घटकांची मर्यादा रोमन नावाला ऐसपैस असते, पण देवनागरीतील पूर्ण नावाला तोकडी पडू शकते. अंक ओळखण्याची जावास्क्रिप्टमधील नेहमीची खूण देवनागरी अंकांना अंक मानत नाही. त्यामुळे '४११००४' असा देवनागरीत लिहिलेला पिनकोड नाकारला जातो. अक्षर आणि चिन्ह यांचे वर्ग तपासण्याची अंगभूत सोय जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या आवृत्तीत आली. परंतु कोणतेही फ्रेमवर्क ती आपणहून वापरत नाही. नियम लिहिणाऱ्याला भाषा ठाऊक असावी लागते.

४.९ उच्च शिक्षणातील संदर्भ

महाविद्यालयांना हा इतिहास परका नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ या संदर्भ वर्षापासून सुरू झाले. त्यात सुरुवातीला माहितीचा नमुना उतरवून घेऊन, जोडणीविना भरून, पुन्हा चढवावा लागे. २०२०-२१ च्या सर्वेक्षणात प्रथमच पूर्णतः ऑनलाइन असा वेब नमुना वापरला गेला. या दोन पद्धतींत वर वर्णन केलेला मूल्याच्या ताब्याचाच प्रश्न आहे. पहिल्या पद्धतीत अपुरा अर्ज महाविद्यालयाच्या संगणकावर सुरक्षित राही; वीज किंवा जोडणी गेली तरी काम थांबत नसे, मात्र चुका उशिरा कळत. दुसऱ्या पद्धतीत चुका तत्काळ कळतात, पण जोडणी अखंड असावी लागते आणि अर्धवट माहिती केव्हा जतन होते हे रचनाकाराच्या निर्णयावर अवलंबून राहते. महाविद्यालये जेव्हा स्वतःचे प्रवेश-अर्ज किंवा अभिप्राय-नमुने तयार करून घेतात, तेव्हा हाच निर्णय त्यांच्याकडे येतो.

५. निवडीचे निकष :

वरील इतिहासातून निवडीसाठी चार प्रश्न पुढे येतात. पहिला प्रश्न अर्जाच्या स्वरूपाचा. दहा-पंधरा स्वतंत्र रकान्यांच्या अर्जाला ब्राउझरच्या अंगभूत सोयी आणि सर्व्हरवरील तपासणी बहुधा पुरेशी आहे. परस्परावलंबी रकाने, वाढत जाणाऱ्या सारण्या आणि तत्काळ गणिते असतील तर फ्रेमवर्कचा भार सार्थ ठरतो. दुसरा प्रश्न आयुर्मानाचा. प्रवेश-अर्ज दरवर्षी लागतो, त्याची नोंद अनेक वर्षे जपावी लागते, तर फ्रेमवर्कची आवृत्ती काही वर्षांत मागे पडते. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपले, हे अलीकडील उदाहरण आहे. तिसरा प्रश्न मनुष्यबळाचा. करारावरील विकासक निघून गेल्यावर त्या लेखनाची देखभाल कोण करणार, याचे उत्तर निवडीपूर्वी मिळायला हवे. चौथा प्रश्न अर्जदाराचा. जुना मोबाइल, मंद जोडणी, पडदावाचक आणि देवनागरी लेखन या चारही कसोट्यांवर अर्ज प्रत्यक्ष भरून पाहिल्याशिवाय निवड पूर्ण झाली असे मानू नये.

६. निष्कर्ष :

१) वेब-अर्जाच्या तंत्रज्ञानाचा इतिहास हा रकान्यातील मूल्याचा ताबा सर्व्हर, ब्राउझर आणि फ्रेमवर्क यांच्यात फिरत राहण्याचा इतिहास आहे. मूळचे गृहीतक या विवेचनाने पुष्ट होते.
२) फ्रेमवर्क ही ब्राउझरमधील उणिवा भरून काढण्यासाठी जन्मली. ज्या उणिवा पुढे प्रमाणकांनी भरून काढल्या, तेथे फ्रेमवर्कची गरजही कमी झाली.
३) एक्सफॉर्म्सचे उदाहरण दाखवते की, आराखड्याची गुणवत्ता त्याच्या स्वीकाराची हमी देत नाही. अँग्युलरजेएसचे उदाहरण दाखवते की, व्यापक स्वीकार दीर्घायुष्याची हमी देत नाही.
४) ब्राउझरमधील तपासणी ही अर्जदाराची सोय आहे; संस्थेचे संरक्षण नव्हे. सर्व्हरवरील तपासणीला कोणत्याही काळात पर्याय मिळालेला नाही.
५) सुगम्यता आणि देवनागरीचा योग्य आधार या गोष्टी कोणत्याही फ्रेमवर्कसोबत आपोआप येत नाहीत. त्या मागणीपत्रात लिहाव्या लागतात आणि तपासून घ्याव्या लागतात.

७. समारोप :

कागदी अर्जावर रेघ मारून पुढे जाणाऱ्या माणसाला समजून घेणारा कारकून हा त्या व्यवस्थेचा एक घटक होता. वेब-अर्जात ती समज आधीच, रचनेच्या वेळी, लिहून ठेवावी लागते. फ्रेमवर्क ती लिहिण्याचे साधन देते. समज देत नाही. शैक्षणिक संस्थांनी अर्ज तयार करून घेताना तंत्रज्ञानाच्या नावापूर्वी अर्जदाराचा विचार केला, तर प्रवेशाच्या पहिल्याच पायरीवर एखादी विद्यार्थिनी केवळ आपले नाव मराठीत लिहिले म्हणून अडणार नाही. या विषयात संगणकशास्त्र, भाषाविज्ञान आणि लोकप्रशासन या तीन विद्याशाखांनी एकत्र येऊन अभ्यास करण्यास मोठा वाव आहे.